मधुमेहाचें घर

‘अमक्यांच्या लघवींत साखर निघाली’ हें वाक्य ज्या घरांत कधींच ऐकूं आलें नाहीं असें घर आज विरळा. श्राद्धाच्या खिरीची वाटी मामंजींच्या पानावरून मुकाट्यानें उचलली जाते, सणावारीं पुरणपोळीचा अर्धकोर घेतांनासुद्धां आजोबा सुनेकडे चोरून पाहतात, आणि एखाद्या घरांत शाळकरी मुलगाही जेवणापूर्वीं स्वतःच्या हातानें सुई टोचून घेतांना दिसतो. रोग नवा नव्हे. चरकसंहितेच्या निदानस्थानांत प्रमेहाचीं पूर्वलक्षणें सांगतांना रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आणि भुंगे धांवतात असें सांगितलें आहे, आणि ‘मधुमेह’ हें नांव तर अशा निरीक्षणाचेंच फळ होय. परंतु मूत्र गोड कां होतें, शरीरांतील कोणत्या अवयवाचें बिनसलें म्हणजे होतें, ह्या प्रश्नाचें उत्तर पूर्वेस मिळालें नाहीं व पश्चिमेसही फार उशिरां मिळालें. कोणी वृक्काकडे बोट दाखवी, कोणी यकृताकडे, कोणी मेंदूकडे. जठराच्या मागें आडव्या पडलेल्या, जिभेसारख्या लांबट स्वादुपिंडाकडे कांहीं शवविच्छेदन करणाऱ्या वैद्यांची दृष्टि गेली होती खरी; पण मेलेल्या माणसाचें स्वादुपिंड बिघडलेलें आढळलें एवढ्यावरून तें रोगाचें कारण कीं रोगाचा परिणाम, हें ठरत नाहीं.

तें ठरलें १८८९ सालीं, आणि ठरविणाऱ्या वैद्याचें नांव ऑस्कर मिंकोव्स्की. इन्सुलिनच्या शोधाची कथा सांगतांना बहुतेक लेखक कॅनडांतील टोराँटो शहरापासून आरंभ करतात. मला ती कथा तेहतीस वर्षें आधीं सुरू होते असें वाटतें, आणि त्या मधल्या तेहतीस वर्षांतच तिचा खरा भाग आहे.

मिंकोव्स्की यांचा जन्म १३ जानेवारी १८५८ रोजीं, तत्कालीन रशियन साम्राज्यांतील कोव्नो शहरालगत अलेक्सोतास येथें, एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरीं झाला. रशियांत ज्यू लोकांवर नाना निर्बंध. मुलांच्या शिक्षणाची वाट तर पदोपदीं अडलेली. म्हणून १८७२ मध्यें कुटुंबानें बिऱ्हाड हलविलें आणि प्रशियांतील कोनिग्सबर्ग गांठलें. मुलांच्या विद्येसाठीं गांव सोडणें म्हणजे काय, हें आपल्याकडील कुटुंबांना वेगळें सांगावयास नको. स्थलांतराचें चीज झालें. ऑस्कर वैद्यकांत गेले. त्यांचे धाकटे बंधु हर्मान गणितांत जगन्मान्य झाले. आइन्स्टाइन हे झ्यूरिक येथें ह्यांचे विद्यार्थी होते, आणि देश व काल यांस एकत्र गुंफून चार मितींच्या विश्वाची कल्पना १९०८ मध्यें मांडली ती ह्याच हर्मान यांनीं. एका घरांतून असे दोन पुरुष निघावे हें दुर्मिळ.

भूगोलाची आवड असणाऱ्या मुलांनीं ह्यांच्या चरित्रांतील गांवें नकाशावर अवश्य शोधावींत. कोव्नो आतां लिथुएनियांत आहे, कोनिग्सबर्ग ‘कालिनिनग्राड’ होऊन रशियांत गेलें आहे, स्ट्रासबर्ग फ्रान्समध्यें आणि ब्रेस्लाउ ‘व्रोत्स्वाफ’ ह्या नांवानें पोलंडांत आहे. मिंकोव्स्की मात्र ह्या शेवटल्या तिन्ही ठिकाणीं राहिले ते जर्मनीचीं शहरें म्हणून.

कोनिग्सबर्ग येथें त्यांस बर्नहार्ड नाउनिन हे गुरु लाभले. नाउनिन यांचा मधुमेहावर विशेष व्यासंग होता, आणि रोग्याची शय्या व प्रयोगशाळेचें मेज ह्यांच्यांत अंतर ठेवावयाचें नाहीं अशी त्यांची शिस्त. १८८४ मध्यें, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, मिंकोव्स्की यांनीं मधुमेह्यांच्या मूत्रांत बीटा-ऑक्सिब्युटिरिक नांवाचें आम्ल ओळखून काढलें. ह्याचें महत्त्व असें कीं, मधुमेहानें मरणारा रोगी साखरेनें मरत नसे. शरीराला साखर वापरतां आली नाहीं म्हणजे तें चरबी जाळूं लागतें, त्या जळण्यांतून आम्लें सांचतात, श्वास खोल व जलद होतो, आणि शेवटीं गुंगी येऊन रोगी जातो. त्यानंतर त्यांनीं कलहंसांचें यकृत काढून टाकून, पक्ष्यांच्या शरीरांत युरिक आम्ल कोठें तयार होतें तें दाखविलें. हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, इतरांस अशक्य वाटणारी शस्त्रक्रिया करण्याची संवय त्यांच्या हाताला आधींच जडली होती.

१८८८ मध्यें नाउनिन स्ट्रासबर्गच्या विद्यापीठांत गेले व शिष्यही मागोमाग गेला. पुढच्या वर्षाच्या एप्रिल महिन्यांत मिंकोव्स्की एके दिवशीं दुसऱ्या एका संस्थेच्या ग्रंथालयांत कांहीं पुस्तकें चाळावयास गेले असतां तेथें जोसेफ फॉन मेरिंग हे गृहस्थ भेटले. मेरिंग यांनीं कॉडलिव्हर तेलाच्या ऐवजीं देण्यासारखें ‘लिपानिन’ नांवाचें एक तेल सुचविलें होतें. तें पचावयास सोपें, असें त्यांचें म्हणणें. बोलणें तेथून तेल पचविणाऱ्या स्वादुपिंडाच्या रसावर गेलें. हा रस आंतड्यांत न उतरला तर चरबी पचते कीं नाहीं? पाहावयाचें तर स्वादुपिंडच काढून पाहावें, असें मिंकोव्स्की म्हणाले. तें अशक्य, असें मेरिंग यांचें उत्तर. कारण पूर्ण स्वादुपिंड काढल्यावर प्राणी जगत नाहीं असें क्लोद बर्नार यांच्यासारख्या महापंडिताचें मत होतें. तें मत मिंकोव्स्की यांस ठाऊक नव्हतें. कुत्रा मिळाल्यास आजच करून दाखवितों, असें ते म्हणाले, आणि त्याच दिवशीं दुपारीं मेरिंग यांच्याच एका कुत्र्यावर त्या दोघांनीं मिळून ती शस्त्रक्रिया केली. आधीं ग्रंथ नीट वाचून घ्यावा असें मी जन्मभर मुलांना सांगत आलों, आणि येथें ग्रंथ न वाचल्यानें काम साधलें! अर्थात् हात तसा तयार असेल त्यानेंच हा दाखला पुढें करावा.

कुत्रा जगला. मेरिंग यांस मात्र सासऱ्यांच्या दुखण्याची वार्ता आल्यामुळें लगेच परगांवीं जावें लागलें व आठवड्याहून अधिक काळ ते परत आले नाहींत. ठेवावयास पिंजरा मोकळा नसल्यानें कुत्रा प्रयोगशाळेतच एका बाजूस बांधून ठेवला होता. तो घरांत वागण्याची संवय असलेला, शिकविलेला कुत्रा; तरी वरचेवर तेथेंच लघवी करूं लागला. मिंकोव्स्की यांनीं नोकरावर ठपका ठेवला कीं, तूं त्याला वेळेवर बाहेर नेत नाहींस. नोकर म्हणाला, नेतों तर खरा, पण परत आणला कीं तो पुन्हां करतोच. नोकराची सबब म्हणून हें बोलणें उडवून लावणें फार सोपें होतें. मिंकोव्स्की यांनीं तें खरें धरलें. रोग्यानें वरचेवर लघवीस जाणें हें कशाचें लक्षण, तें नाउनिन यांच्या शिष्याला सांगावयास नको होतें. जमिनीवरचें थोडें मूत्र त्यांनीं काचेच्या नळींत ओढून घेतलें व तपासलें. त्यांत शेंकडा १२ इतकी साखर होती.

ह्या प्रसंगाची एक रंगविलेली आवृत्ति सर्वत्र सांगतात, ती अशी कीं, कुत्र्याच्या मूत्रावर माशा घोंगावूं लागल्या आणि त्या पाहून शोध लागला. चरकाच्या मुंग्या ज्यांना ठाऊक आहेत अशा आपल्या वाचकांना ही आवृत्ति विशेष गोड वाटेल. पण मिंकोव्स्की यांनीं स्वतः लिहून ठेवलेल्या हकीगतींत माशा नाहींत. नोकर आहे, काचेची नळी आहे. तीच हकीगत मानावी.

आतां खऱ्या कसोटीचा भाग. साखर सांपडल्यावर दुसरा कोणी आनंदानें नाचला असता. मिंकोव्स्की यांस प्रथम आली ती शंका. मेरिंग यांनींच १८८६ मध्यें दाखविलें होतें कीं, फ्लोरिझिन नांवाचें वनस्पतिज द्रव्य दिलें असतां मूत्रांत साखर उतरते. आणि हा कुत्रा मेरिंग यांचा. त्याला तें द्रव्य पूर्वीं दिलेलें होतें. म्हणून त्यांनीं ज्यांच्या मूत्रांत साखर नाहीं अशीं खात्री करून घेतलेलीं आणखी तीन कुत्रीं घेतलीं व तींच शस्त्रक्रिया केली. तिन्हींस मधुमेह झाला. मेरिंग परतले तेव्हां उत्तर तयार होतें. निबंध १८९० मध्यें दोघांच्या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि तें योग्यच होतें.

तथापि आणखी एक फट उरली होती. स्वादुपिंडाचा रस आंतड्यांत न गेल्यामुळें मधुमेह होतो, कीं स्वादुपिंड दुसरेंच कांहीं करतें? रसाची नळी नुसती बांधून टाकली तर मधुमेह होत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. मग त्यांनीं जो प्रयोग केला तो मला त्यांच्या सर्व कामांत श्रेष्ठ वाटतो. स्वादुपिंडाचा एक तुकडा, त्याच्या रक्तवाहिन्या न तोडतां, कुत्र्याच्या पोटाच्या कातडीखालीं ओढून बसविला. तो तेथें रुजल्यावर पोटांतील उरलेलें सर्व स्वादुपिंड काढून टाकलें. आतां आंतड्याशीं त्या तुकड्याचा कांहीं संबंध उरला नाहीं, तरी मधुमेह होईना. नंतर कातडीखालचा तो तुकडा लहानशा छेदानें काढून घेतांच पूर्ण मधुमेह झाला. म्हणजे त्या तुकड्यांतून जें कांहीं निघत होतें तें नळीनें नव्हे, थेट रक्तांत जात होतें. तें काय, हें कोणास ठाऊक नव्हतें; पण तें आहे, एवढें सिद्ध झालें.

त्या कुत्र्यांविषयीं एक शब्द लिहिणें प्राप्त आहे. मुक्या जिवांचें पोट फाडून मिळविलेलें ज्ञान घ्यावें कीं न घ्यावें, ह्यावर आपल्या घरांतून वाद होतात, आणि ते व्हावेत. मला हे प्रयोग वाचतांना सुख होत नाहीं. पण ज्या घरांत दहा वर्षांचें मूल इन्सुलिनवर जगत आहे त्या घरांत बसून ते त्याज्य होते असें म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाहीं. मिंकोव्स्की यांचीं कुत्रीं त्या मुलाच्या ऋणकोंत नव्हेत, धनकोंत आहेत.

रोगाचें घर सांपडलें. पण दाराला कुलूप होतें. स्वादुपिंडांत जें द्रव्य आहे तें काढून रोग्याला द्यावें ही कल्पना कोणालाही सुचण्यासारखी, आणि मिंकोव्स्की यांच्यासह अनेकांनीं तो यत्न केला. अडचण अशी कीं, स्वादुपिंड वाटून त्याचा अर्क करावा तर त्यांतील पाचक रस त्या अज्ञात द्रव्याचाच नाश करण्याची भीति, आणि उरलेल्या अर्कांत इतकी घाण कीं तो टोंचल्यावर रोगी तापानें फणफणावा. पोटांत घ्यावा तर पचून व्यर्थ. ह्या काळांत मधुमेही मुलांचे आईबाप ह्या सर्व थोर वैद्यांकडे येत, आणि वैद्यांजवळ देण्यास एकच वस्तु असे : पथ्य. पुढें पुढें तर ते पथ्य म्हणजे जवळजवळ उपाशी ठेवणेंच झालें. मूल अस्थिपंजर होऊन कांहीं महिने, फार तर एखाददुसरें वर्ष अधिक जगे. ज्याला रोगाचें कारण ठाऊक आहे त्या वैद्यानें हें पाहत राहावयाचें!

१९०९ मध्यें मिंकोव्स्की ब्रेस्लाउ येथें मुख्य आचार्य झाले. वय ५१. ज्यू कुळांत जन्मलेल्या विद्वानाला, त्यानें धर्मांतर केलें असलें तरी, जर्मन विद्यापीठांत असें पद मिळणें त्या काळीं दुष्कर होतें. कोलोन व ग्राइफ्सवाल्ड येथें सेवा केल्यावर त्यांस तें मिळालें. त्याच सुमारास बर्लिनचे वैद्य गेऑर्ग झ्युल्झर यांनीं स्वादुपिंडाचा एक अर्क सिद्ध केला होता व तो कांहीं रोग्यांस टोंचलाही होता. त्याची परीक्षा ब्रेस्लाउच्या रुग्णालयांत मिंकोव्स्की यांचे सहकारी फोर्शबाख यांनीं केली. अर्कानें मूत्रांतील साखर खरोखर कमी झाली. परंतु दुष्परिणाम इतके तीव्र कीं, हा उपाय रोग्यांस देण्याजोगा नाहीं असा निर्णय त्यांनीं दिला, आणि झ्युल्झर यांचा पाठिंबा आटला.

ह्यावरून पुढें मिंकोव्स्की यांस दोष देणारे निघाले. मला तो दोष पुरा पटत नाहीं. रक्ताच्या दोनचार थेंबांवरून साखर मोजण्याच्या युक्त्या त्या वेळीं हातीं नव्हत्या, आणि रोग्याला आंचके आले तर ते अर्कांतील विषानें कीं अर्काच्या गुणानें, हें ओळखण्याची सोय नव्हती. पण हेंही खरें कीं, जें दार वीस वर्षें बंद होतें तें त्या वर्षीं किलकिलें झालें, आणि तें ढकलून पाहण्याऐवजीं ओढून घेतलें गेलें.

टोराँटोची हकीगत ह्याच्याशेजारीं ठेवून वाचावी. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड टॉम्प्सन ह्या १४ वर्षांच्या मुलाला बँटिंग व बेस्ट यांचा अर्क प्रथम टोंचला. गुण नांवापुरता आला, टोंचलेल्या जागीं गळूं झालें, आणि तो बंद करावा लागला. म्हणजे पहिल्या दिवशीं तेथेंही ब्रेस्लाउच झालें! फरक पडला तो पुढच्या बारा दिवसांत. कॉलिप नांवाचे रसायनज्ञ त्यांच्यांत होते. त्यांनीं मद्यार्काचें प्रमाण वाढवीत वाढवीत त्या अर्कांतील घाण गाळून काढण्याची युक्ति साधली. २३ जानेवारीस तो शुद्ध अर्क टोंचला आणि मुलाच्या मूत्रांतील साखर जवळजवळ नाहींशी झाली. तो पुढें १३ वर्षें जगला. १९२३ चें नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिओड यांस मिळालें. मिंकोव्स्की यांचें नांव त्या पारितोषिकासाठीं एकाहून अधिक वेळां सुचविलें गेलें होतें. तें त्यांस कधींच मिळालें नाहीं.

ह्या प्रसंगीं ते ज्या रीतीनें वागले ती पाहण्यासारखी आहे. जर्मनींत इन्सुलिन आणण्यासाठीं १९२३ मध्यें जी समिति झाली तिचे अध्यक्ष पासष्टीचे मिंकोव्स्की झाले. टोराँटोच्या मंडळींशीं पत्रव्यवहार करणें, जर्मन कारखान्यांत निघणाऱ्या औषधाची शुद्धता व शक्ति तपासून घेणें, हें सर्व त्या समितीनें पाहिलें. असें सांगतात कीं, टोराँटोहून आलेली कुपी विद्यार्थ्यांना दाखवीत ते म्हणाले कीं, इन्सुलिनचा बाप व्हावें अशी माझी आशा होती, आतां त्या मंडळींनीं देऊं केलेलें आजोबापण मी घेतों. महायुद्धांत नुकतीच हरलेली जर्मनी आणि विजयी पक्षाचें टोराँटो. आंकस बाळगण्यास कारणें पुष्कळ होतीं.

त्याच वर्षीं मार्चमध्यें लेनिन यांच्या आजारांत मॉस्कोस बोलाविलेल्या जर्मन वैद्यांतही ते होते. तेवढा त्यांचा लौकिक. १९२६ मध्यें ते निवृत्त झाले व १८ जुलै १९३१ रोजीं वारले. हर्मान फार पूर्वींच, जानेवारी १९०९ मध्यें, आंत्रपुच्छाच्या दाहानें अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं गेले होते. ऑस्कर यांचे पुत्र रुडोल्फ हे ज्योतिषशास्त्रज्ञ. नाझी राजवटींत जर्मनी सोडून १९३५ मध्यें अमेरिकेस गेले आणि स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या अभ्यासानें त्यांनीं नांव मिळविलें. आजोबांनीं रशिया सोडला, नातवानें जर्मनी!

आतां आपल्या घरांकडे वळूं. कितीएक वर्षें इन्सुलिन हें डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडापासूनच काढीत, आणि सोंवळ्याच्या घरांत तें टोंचून घ्यावें कीं नाहीं हा प्रश्न वडीलमंडळींस छळी. औषध म्हणून घेतलें त्यास दोष नाहीं, असा निर्वाळा देऊन पुष्कळांनीं तो सोडविला, व शहाणपण केलें. १९८२ पासून सूक्ष्म जंतूंकडून मानवी इन्सुलिनच तयार करून घेण्याची विद्या औषध म्हणून बाजारांत आली, तेव्हां तो प्रश्न बहुतेक उरला नाहीं.

दुसरा प्रश्न मात्र उरला आहे. मधुमेहाचे प्रकार आहेत. प्रौढपणीं जडणाऱ्या नेहमींच्या प्रकारांत स्वादुपिंड काम करीत असतें, पण शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाहीं. तेथें आहार, व्यायाम व गोळ्या ह्यांनीं पुष्कळ काळ निभावतें. मुलांना बहुधा होतो त्या प्रकारांत इन्सुलिन जवळजवळ निर्माणच होत नाहीं. कोणी आप्त येऊन एखाद्या काढ्याची महती सांगतो, मुलाला रोज टोंचून घ्यावें लागतें हें पाहून आजीचें काळीज तुटतें, आणि चार दिवस सुई थांबवून पाहूं असें ठरतें. त्या चार दिवसांत १८८४ मध्यें ओळखलेलीं तींच आम्लें रक्तांत सांचूं लागतात. ओकाऱ्या, पोटदुखी, खोल जलद श्वास अशीं लक्षणें दिसतांच वेळ न घालवितां रुग्णालय गांठावें. स्ट्रासबर्गचा तो कुत्रा कातडीखालचा तुकडा होता तोंवरच बरा होता.

आणि उलट बाजूही घरांतील बायकामुलांना ठाऊक असावी. टोंचून घेऊन जेवण लांबलें, किंवा खेळ फार झाला, तर साखर फाजील उतरते. घाम सुटतो, हात कांपतात, मूल भलतेंच बोलूं लागतें, पुढें आंचके येतात. झ्युल्झर यांच्या नंतरच्या प्रयोगांत कुत्र्यांना जे आंचके येत तेही ह्याच कारणानें येत असावेत, असें आतां जाणते मानतात. मूल शुद्धीवर असून गिळूं शकत असेल तर लगेच साखरेचें पाणी पाजावें. बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही न घालतां डॉक्टरांकडे न्यावें. अशा मुलाच्या दप्तरांत साखरेची पुडी नेहमीं असूं द्यावी, आणि ती कशासाठीं आहे हें त्याच्या वर्गशिक्षकांना सांगून ठेवावें.